‘स्मृतिचित्रां’तील शाश्वती

लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ ठाऊक नाहींत असें सुशिक्षित मराठी घर क्वचितच आढळेल. १९३४ पासून हें पुस्तक भागाभागानें वाचकांपुढें आलें, आणि तें पुरें होण्याच्या सुमारासच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं, लेखिकेचें देहावसान झालें. तेव्हांपासून आजपर्यंत त्याची गोडी ओसरलेली नाहीं. आमच्या घरीं तें रात्रीच्या जेवणानंतर मोठ्यानें वाचलें जाई. वडिलांच्या सोवळ्याचें प्रकरण आलें कीं हंशा पिके. टिळकांच्या लहरीपणाच्या गोष्टी पुन्हां पुन्हां वाचून दाखवाव्या लागत. आणि पतीच्या बाप्तिस्म्याची बातमी येते तेथें ऐकणाऱ्या बायका पदर डोळ्यांस लावीत. पुढें लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या धर्मांतराचा भाग आला म्हणजे मात्र वाचणारा किंचित् घाईनें पानें उलटी. पुस्तक आपलें, बाई आपल्या, पण ती एक गोष्ट तेवढी आपली नव्हे, अशा भावनेनें केलेली ती घाई होती.

ही घाई आमच्याच घरची नव्हे. ‘स्मृतिचित्रां’विषयीं जें लिहिलें बोललें जातें त्यांतही विनोद, प्रांजलपणा, भाषेचा घरगुती गोडवा आणि त्या काळच्या संसाराचें चित्र यांचीच वाखाणणी विशेष आढळते. ती यथार्थ आहे. परंतु ज्या श्रद्धेच्या बळावर हा विनोद उभा आहे तिला बाजूस ठेवून पुस्तकाचें मोल ठरविणें म्हणजे उजेडांत बसून दिव्यांतल्या तेलाची विचारपूस न करण्यासारखें आहे. प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाहीं, आणि कोणास ख्रिस्ती करावें असा त्याचा हेतुही नाहीं. प्रश्न वाङ्मयाचा आहे, आणि थोडासा आपणां सर्वांच्या जीविताचाही आहे. माणसाला कायमची शाश्वती कशांत लाभते, ती लाभल्याची खूण लेखनांत कशी ओळखावी, आणि ती लाभतांना तिची किंमत कोणास द्यावी लागते, हे तीन प्रश्न मनांत धरून हें पुस्तक पुन्हां वाचलें तर तें बरेंच निराळें दिसूं लागतें.

ख्रिस्ती आत्मवृत्ताची वाट आपल्या भाषेंत लक्ष्मीबाईंच्या आधींच पडलेली होती. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा ‘अरुणोदय’ हा त्या वाटेवरचा आरंभींचा मोठा ग्रंथ. त्याच्या नांवांतच त्याची मांडणी सांगितलेली आहे: आधीं रात्र, मग तांबडें फुटणें, आणि शेवटीं उजेड. बेळगांवांत कासार कुटुंबांत जन्मलेल्या, इंग्रजी शिकलेल्या, मुंबईस परमहंस सभेच्या मंडळींत वावरलेल्या आणि १८५४ मध्यें बाप्तिस्मा घेतलेल्या एका तरुणाची ती हकीकत आहे. पदमनजींची बुद्धि विचक्षण आहे. शंका, पुरावा, उलट पुरावा आणि निर्णय या क्रमानें त्यांचें मन चालतें, आणि ग्रंथाचा सारा भर त्या निर्णयापर्यंतच्या वाटेवर आहे. त्यांचा निर्णय वाचकास कळतो. तो मान्य नसला तरी त्याविषयीं आदर वाटतो. पण वाद जिंकलेल्या माणसाला त्या रात्रीं झोंप लागलीच असेल असें नाहीं. बुद्धीचें समाधान आणि जिवाचा विसांवा या दोन गोष्टी एकच नव्हेत.

हा भेद ज्या व्यक्तीनें अत्यंत स्पष्टपणें जाणला आणि उघड बोलून दाखविला ती व्यक्ति म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). १९०७ मध्यें त्यांनीं इंग्रजींत प्रसिद्ध केलेल्या साक्षीच्या मथळ्यांतच कधीं न सरणाऱ्या ठेवीचा उल्लेख आहे. आणि सरणाऱ्या ठेवी कशा असतात हें त्या बाईंइतकें फारच थोड्यांनीं पाहिलें असेल. अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविण्याचें धाडस केलें; घरदार गेल्यावर पुराणें सांगत ते कुटुंबासह तीर्थें हिंडले; हातीं होतें तें दानधर्मांत घातलें. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला तेव्हां या विद्वान् कुटुंबावर रानांतल्या पाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. वृद्ध पित्यानें तीर्थांत देह टाकण्याचा निश्चय केला. मुलानें मिळेल तें काम करण्याची तयारी दाखवून त्यास परावृत्त केलें; पण थोड्याच दिवसांत पिता गेला, मागोमाग आई गेली, मग थोरली बहीण गेली. उरलेलीं दोघें भावंडें पायीं हिंदुस्थान हिंडलीं. १८८० मध्यें भाऊ वारला, १८८२ मध्यें पति वारला, आणि लहानग्या मुलीला घेऊन ही तरुण विधवा पुण्यास आली तेव्हां विद्येखेरीज तिच्यापाशीं दुसरें कांहींच नव्हतें.

या साक्षींतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे तिच्यांतील एक कबुली. १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें आपण बाप्तिस्मा घेतला, पण तेव्हां आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता, अशा आशयाचें रमाबाई स्वतःच लिहितात. बुद्धीला पटलेलें मत आणि जिवाला मिळालेला आसरा यांत आठ-नऊ वर्षांचें अंतर पडलें, हें त्यांनीं लपविलें नाहीं. केवळ प्रचारासाठीं लिहिणाऱ्यानें ही कबुली खचित गाळली असती. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनाची हकीकत येते. आपल्या संस्थेस कायमचा निधि नाहीं, पेढीवर शिल्लक नाहीं, रोजच्या भाकरीपलीकडे पैसा नाहीं, आणि म्हणूनच आपणांस कोणाचें भय नाहीं व गमावण्यासारखें कांहीं नाहीं, असा त्यांचा शेवटचा सूर आहे.

येथें टीकाकारानें थोडें थांबलें पाहिजे. दुष्काळांतून आणलेल्या शेंकडों मुलींना रोज अन्न मिळालें, ही ईश्वराच्या विश्वासूपणाची साक्ष मानावयाची तर अनंतशास्त्र्यांचें काय? त्या ब्राह्मणाची निष्ठा कांहीं उणी नव्हती. त्यानें तर सर्वस्व देऊन टाकलें होतें, आणि तो उपाशी मेला. भाकर मिळणें हा जर श्रद्धेचा पुरावा, तर भाकर न मिळणें हा अश्रद्धेचा पुरावा ठरेल. आणि ज्या मुलीनें आपल्या आईबापांस असें मरतांना पाहिलें तिच्या लेखणीला हा तर्क शोभत नाहीं. साक्षीचा हा भाग प्रस्तुत लेखकास दुबळा वाटतो. पण त्याच लेखनांत त्याचें उत्तरही आहे. मरणोन्मुख पित्यानें आपल्या धाकट्या मुलीला ईश्वराच्या हातीं सोंपविलें आणि त्याचीच सेवा करण्यास सांगितलें, ही आठवण रमाबाईंनींच जपून ठेविली आहे. ज्याच्या घरांत धान्याचा कण नाहीं अशा माणसानें मुलीला दिलेली ती एकच मालमत्ता होती, आणि तीच कन्येनें पुढें निराळ्या नांवानें जन्मभर वापरली असें म्हणण्यास हरकत नाहीं. शाश्वती भाकर मिळण्यांत नव्हती. हातचें सर्व गेल्यावरही कोणाच्या तरी हातीं आपण आहोंत या जाणिवेंत ती होती. रमाबाईंच्या साक्षीचा खरा जोर येथें आहे.

इतकें पाहून आपण ‘स्मृतिचित्रां’कडे वळलों म्हणजे प्रथम जाणवतें तें हें कीं, येथें साक्ष द्यावयास कोणी उभें राहिलेलें नाहीं. लक्ष्मीबाईंचें शालेय शिक्षण असें झालेलेंच नव्हतें. सिद्धान्त मांडण्याचा आव त्यांच्यापाशीं नाहीं. त्या चुलीपुढें बसून गोष्टी सांगतात. परंतु त्या गोष्टी एकापुढें एक ठेवून पाहिल्या तर त्या जवळजवळ सगळ्या एकाच विषयावर आहेत असें दिसतें: माणसें भीतीपासून वांचण्यासाठीं कशाकशाचा आधार धरतात, आणि तो आधार कसा सुटतो.

पुस्तकाचा आरंभच एका भीतीनें होतो. सत्तावनच्या बंडांत लक्ष्मीबाईंच्या मातामहांना फांशी झाली. त्या प्रसंगाचा धक्का त्यांच्या वडिलांच्या मनास असा बसला कीं, विटाळाच्या कल्पनेनें त्यांच्या डोक्यांत कायमचें घर केलें. बाहेरून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत यावयाची नाहीं, मुलांनीं कोणास शिवावयाचें नाहीं, असा त्यांचा कडक अंमल नाशिकाजवळच्या जलालपुरास चाले. आपण हंसतों, लेखिकाही हंसते. पण नीट पाहिलें तर हें वेड म्हणजे सुरक्षिततेची एक योजनाच आहे. बाहेरच्या जगानें एकदां हात घालून घरचा माणूस नेला. तें जग पुन्हां आंत येऊं नये म्हणून एका भेदरलेल्या माणसानें स्वतःभोंवतीं पाण्याची भिंत बांधली. भिंतीच्या आंत त्याला स्वस्थता लाभली नाहीं, आणि बायकामुलांचे मात्र हाल झाले. लक्ष्मीबाईंनीं आयुष्यांत पाहिलेला पहिला धार्मिक आधार तो हा. लहानपणीं अंगीं मुरलेलें सोवळें पुढें अनेक वर्षें त्यांच्याबरोबर गेलें, तेव्हां तें केवळ रूढि म्हणून गेलें नाहीं. बापाची भीतिही त्यांत बांधलेली होती. धर्मांतराचें प्रकरण समजावयाचें असेल तर हें पहिलें प्रकरण विसरतां कामा नये.

दुसरा आधार म्हणजे नवरा. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे कवि, विद्वान्, उदार, शीघ्रकोपी आणि संसाराला सर्वस्वीं नालायक असे गृहस्थ होते, असें त्यांच्या पत्नीनेंच मोठ्या प्रेमानें सांगितलें आहे. ते न सांगतां घरांतून निघून जात. नोकऱ्या धरीत आणि सोडीत. त्यांच्या हातांत पैसा टिकत नसे. १८९३ मध्यें राजनांदगांवास जातांना आगगाडींत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थानें त्यांना नवा करार दिला. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें ते भारून गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

आतां त्या प्रवचनांत काय आहे हें ध्यानांत घ्यावें. पांखरें पेरीत नाहींत आणि कोठारें भरीत नाहींत, रानफुलें सूत कातीत नाहींत, तरी त्यांची काळजी वाहणारा आहे. तेव्हां माणसानें उद्यांची चिंता करूं नये, असा त्यांतील एका भागाचा आशय आहे. फुलांचा आणि मुलांचा कवि म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो त्यांच्या हृदयास हें शिक्षण थेट भिडलें यांत नवल नाहीं. किंबहुना हा मनुष्य तें वाचण्यापूर्वींच तसा वागत होता. प्रवचनानें त्याच्या स्वभावाला शास्त्राधार मिळवून दिला. परंतु ‘स्मृतिचित्रें’ वाचतांना एक प्रश्न राहून राहून मनांत येतो. पति उद्यांची चिंता करीत नाहीं तेव्हां ती चिंता कोठें जाते? ती नाहींशी होत नाहीं. ती माजघरांत येते. पांखरासारखें निश्चिंत राहण्याची टिळकांची शक्ति खरी होती. पण डब्यांत पीठ किती उरलें आहे हें पाहणारें दुसरें कोणी घरांत होतें म्हणून ती निभावली. निर्धास्त साधूंचीं चरित्रें पुष्कळ आहेत. त्या निर्धास्तपणाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईनें लिहिलेलें असें पुस्तक मात्र विरळा. आणि नवल असें कीं, हा हिशेब मांडतांना ती कोठेंही पतीस ढोंगी ठरवीत नाहीं. त्याची श्रद्धा तिनें तपासून पाहिली आहे, आणि ती खरी असल्याचा निर्वाळा दिला आहे.

१८९५ नंतरचीं कांहीं वर्षें हा पुस्तकाचा सर्वांत दाहक भाग आहे. पति जिवंत असून नाहीं, कुंकू आहे पण संसार नाहीं, पदरीं मुलगा आहे, आणि जगणें आप्तांच्या आधारावर आहे, अशा स्थितींत सत्तावीस वर्षांची ही बाई सांपडली. ख्रिस्ती चरित्रकार धर्मांतरिताच्या शांतीचें वर्णन करतांना या बाजूकडे बहुधा एक दृष्टिक्षेप टाकून पुढें जातात. हिंदु टीकाकार याच बाजूस बोट दाखवून शांतीची गोष्ट खोटी ठरवितात. लक्ष्मीबाई दोहोंपैकीं कांहींच करीत नाहींत. आपणांस झालेलें दुःख त्या रेसभरही कमी करून सांगत नाहींत, आणि ज्याच्यामुळें तें झालें त्याला मिळालेला आनंदही त्या नाकारीत नाहींत. एकाला मिळालेली शाश्वती दुसऱ्याच्या पायांखालची जमीन काढून घेऊं शकते, ही गोष्ट आपल्या वाङ्मयांत इतक्या निर्वैरपणें क्वचितच कोणीं सांगितली असेल. ज्यानें किंमत दिली आणि ज्यास ठेव मिळाली अशा दोन्ही बाजू पुढें एकाच व्यक्तीच्या वांट्यास आल्या, म्हणूनच हा निर्वैरपणा शक्य झाला.

पुढें त्या मुलाला घेऊन नगरास पतीकडे आल्या, पण आपला धर्म आणि आपलें सोवळें घेऊन आल्या. टिळकांनीं त्यांच्यावर जबरदस्ती केली नाहीं. ख्रिस्ती माणसाच्या घरांत एका बाजूस ब्राह्मणी सोवळें नांदत होतें. तें सुटलें तें कोणाच्या व्याख्यानानें नव्हे. जात देवानें केली कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं आपल्या मनाशींच घातला. ती माणसानें केली असें उत्तर त्यांस मिळालें. आणि उत्तर मिळाल्यावर त्याप्रमाणें वागण्यास त्यांनीं विलंब केला नाहीं. कोणाच्याही हातचें पाणी पिण्यास त्या तयार झाल्या. १९०० मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

या ठिकाणीं वाचकाची थोडी निराशा होते. दिव्य दर्शन नाहीं, अश्रुधारा नाहींत, अंतरींच्या झगड्याचें लांबलचक वर्णन नाहीं. लक्ष्मीबाई प्रार्थनेत काय बोलत, ख्रिस्ताशीं त्यांचें नातें कसें जडलें, याविषयीं पुस्तक जवळजवळ मुकें आहे. हें त्याचें व्यंग आहे असें कोणी म्हटल्यास तें अगदींच खोडून काढतां येणार नाहीं. जें रमाबाईंपाशीं मिळतें तें येथें मिळत नाहीं. परंतु पहिल्या प्रकरणाकडे मागें वळून पाहावें. ज्या क्षणीं या बाईनें परक्या हातचें पाणी तोंडास लावण्याचें ठरविलें त्या क्षणीं तिच्या बापानें बांधलेली पाण्याची भिंत पडली. सत्तावन सालीं एका घरांत शिरलेली भीति त्या घराच्या मुलीच्या मनांतून चाळीस-बेचाळीस वर्षांनीं बाहेर गेली. तिच्यापुरती शाश्वतीची गोष्ट ती हीच. जगाला बाहेर ठेवून सुरक्षित राहण्याचा नाद तिनें सोडला, आणि जग आंत आलें तरी आपण बुडत नाहीं एवढा भरंवसा तिला आला. हा भरंवसा तिनें ख्रिस्ताच्या नांवानें ओळखला. त्याचें वर्णन करण्याची तिला गरज भासली नाहीं, कारण पुढचें सारें पुस्तक म्हणजे त्या भरंवशाचा उपयोग आहे.

कारण पुढेंही कांहीं सुखाचे दिवस आले असें नाहीं. टिळकांचा राग गेला नाहीं. पैसा टिकूं लागला नाहीं. भांडणें थांबलीं नाहींत. मात्र घराचें दार उघडें राहिलें. माणसें येत, राहत, जेवत, शिकत. याच घरांत कांहीं काळ बालकवि ठोंबरे राहिले आणि घरच्या मुलासारखे राहिले. ज्या मुलीला माहेरीं कोणाची सावली लागूं न देण्याचें शिक्षण मिळालें होतें तिच्या पानाशेजारीं आतां कोणाचें पान मांडलें जाईल याचा नेम नव्हता. हा बदल लेखिका कोठेंही बोट दाखवून सांगत नाहीं. वाचकानें तो स्वतः पाहावा लागतो. आणि विनोद? तोही येथेंच समजतो. घाबरलेल्या माणसाला स्वतःवर हंसतां येत नाहीं. त्याचें सारें बळ स्वतःला सांवरण्यांत जातें. आपल्या अडाणीपणावर, आपल्या फजितीवर, आपल्या रागावर लक्ष्मीबाई जें हंसतात तें निर्भय माणसाचें हंसणें आहे. टीकाकार ज्या विनोदाची स्तुति करतात आणि ज्या श्रद्धेविषयीं मौन धरतात त्या दोन गोष्टींचें मूळ एकच आहे.

कसोटीचा प्रसंग शेवटीं आला. १९१७ मध्यें टिळकांनीं मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा उद्योग आरंभिला. म्हातारपणाच्या उंबरठ्यावर उरलासुरला ठरावीक आधारही त्यांनीं आपल्या हातानें दूर केला. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस ते वारले. ज्या मुलीचें लग्न अकराव्या-बाराव्या वर्षीं झालें होतें आणि जिनें पतीच्या मागें सारा मुलुख पालथा घातला होता तिच्या हातीं आतां ना पति, ना पैसा, ना जात, ना माहेरचें छत्र. ज्याला आपण आधार म्हणतों तें एकेक करून सर्व सुटलें होतें. अशा स्थितींत तिनें काम केलें, मुंबई, कराची, नाशिक असे मुक्काम केले, पतीचें अपुरें ‘ख्रिस्तायन’ काव्य पुढें चालविलें, आणि मुलाच्या आग्रहावरून आठवणी लिहावयास घेतल्या. त्या आठवणींचा सूर कसा आहे? त्यांत कडवटपणा नाहीं; आणि ज्याला आपण ‘देवाची इच्छा’ म्हणून सुस्कारा टाकणें म्हणतों तेंही नाहीं. आपलें म्हणावें असें कांहीं गमावलेंच नाहीं अशा उमद्या मनानें ती बाई बोलत राहते. शाश्वतीची याहून खात्रीची खूण वाङ्मयांत दुसरी कोणती असूं शकेल?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. हा सारा लक्ष्मीबाईंच्या स्वभावाचा गुण. त्यांत ख्रिस्ताचें काय? विठोबाच्या पायीं डोकें ठेवणाऱ्या कितीतरी बायका अशाच दुःखांतून अशाच हंसत गेल्या नाहींत काय? गेल्या, हें कोण नाकारील? टिळक स्वतः म्हणत कीं, आपण ख्रिस्तापाशीं आलों ते तुकोबांच्या पुलावरून आलों. आणि त्यांचे ख्रिस्तावरील अभंग वाचणाऱ्यास या म्हणण्याचा अर्थ सांगावा लागत नाहीं. त्यांतील देव मायबाप आहे, भक्त लेंकरूं आहे, आणि कुशींत घेण्याची आळवणी ही आपल्याच संतांची आळवणी आहे. तेव्हां ही शाश्वती केवळ ख्रिस्ती मंदिरांतच मिळते असा दावा या पुस्तकाच्या आधारें करतां येणार नाहीं, आणि पुस्तक तो करीतही नाहीं. पण उलट बाजूनें, ही शाश्वती केवळ स्वभावाची होती असेंही म्हणतां येणार नाहीं. कारण हाच स्वभाव घेऊन ती बाई अनेक वर्षें भिंतीच्या आंत कोंडलेली होती. ती भिंत ज्या शिक्षणानें पाडली त्याचें नांव तिनें घेतलें आहे. तें नांव गाळून तिची गोष्ट सांगण्याचा अधिकार वाचकाला नाहीं.

डोंगरावरील प्रवचनाच्या शेवटीं दोन घरांचा दृष्टान्त आहे. एक खडकावर बांधलेलें, एक वाळूवर. हा दृष्टान्त आपण सहसा असा समजतों कीं, खडकावरच्या घरावर वादळ येत नाहीं. मुळांत तसें नाहीं. पाऊस, पूर आणि वारा हीं दोन्ही घरांवर सारखींच येतात. पडणें आणि न पडणें एवढाच फरक. आपण मध्यमवर्गीय माणसें आयुष्यभर वादळच येऊं नये म्हणून खटपट करतों. नोकरी, विमा, निवृत्तिवेतन, स्वतःचें घर, मुलींचीं लग्नें, या खटपटींत वाईट कांहीं नाहीं. लक्ष्मीबाईंसारख्या बाईनें तर त्यांतलें थोडें मिळालें असतें तर आनंदानें घेतलें असतें. पण या सर्वांच्या मागें तीच भीति असेल, आणि आपण शिलकीच्या आंकड्यांनीं तीच जुनी पाण्याची भिंत बांधीत असूं, तर जलालपुरच्या त्या सोवळ्याला हंसण्याचा आपणांस फारसा अधिकार राहत नाहीं.

म्हणून असें वाटतें कीं, पुढल्या वेळीं हें पुस्तक घरांत मोठ्यानें वाचलें जाईल तेव्हां त्या प्रकरणापाशीं घाई करूं नये. ऐकणाऱ्यांत कोणी धर्मांतर करणार नाहीं, आणि पुस्तकाची तशी अपेक्षाही नाहीं. पण एका भ्यालेल्या घरची मुलगी कोणाच्या भरंवशावर निर्भय झाली, हें तिनें सांगितलेल्या नांवासकट ऐकून घेणें एवढें तरी आपण तिचें देणें लागतों. वडिलांच्या सोवळ्यावर मनमोकळें हंसावें, आणि मग तीं पानेंही तितक्याच सावकाश वाचावीं.